पाहुण्यांचं खारं पाणी

पाहुणं,

तुमच्या मासे पाळणाऱ्या ग्रुपची माणसं परवा घरी येऊन गेली. तळेगावचे दोघं आणि पुण्याच्या एक बाई. चहा झाला, तुमच्या माशांच्या टाकीपुढं उभं राहून सगळ्यांनी डोळे पुसले. निघताना बाई म्हणाल्या, "आबा, त्यांच्या आठवणीचं आम्ही सगळे थोडं थोडं लिहितोय. तुम्ही पण लिहा. सगळ्यात जवळून तुम्हीच बघितलंय त्यांना."

मी मान हलवली, पण वर बघवलं नाही. जवळून बघितलं हे खरं आहे. कसं बघितलं, ते त्या बाईंना कुठं माहीत.

माझी शाळा चौथीपर्यंतची, ती पण निम्मी गुरांमागं गेली. नंदा म्हणाली, तुम्ही बोला, मी लिहून घेते. नको म्हणलं. तिच्या नवऱ्याशी मला जे बोलायचंय ते तिच्याच हातानं लिहून घ्यायला मला तोंड नाही. म्हणून माझ्या अक्षरात लिहितोय. वेळ लागतोय, लागू दे.

पहिलं हे 'पाहुणं'च. आमच्या मावळात जावयाला पाहुणं म्हणतात, मानाचा शब्द आहे. पण तो दिवाळीला, जत्रेला येऊन जाणाऱ्या जावयाला. तुम्ही तर आमच्याच घरात राहत होता. दळण तुम्ही आणायचा, फुटकं कौल तुम्ही बदलायचा, माझ्या गुडघ्याला तेल चोळायचा, आणि मी आपला उठता-बसता पाहुणं, पाहुणं. लोकांना वाटायचं, आबा जावयाला काय मान देतो! मान कसला. 'अरे महेश, हिकडं ये' म्हणलं असतं तर तुम्ही घरातले झाला असता. ते होऊ नये म्हणून हा शब्द मी दाराला अडसरासारखा लावून ठेवला होता. तुम्हाला ते कळत होतं. तरी हाक मारली की "आलो आबा" म्हणून यायचा.

तुम्ही घरजावई झालात त्याची गोष्ट मी गावात वेगळीच सांगितली. खरं असं, की नंदाची आई गेली, मी दोन वेळचं धड जेवेना, तेव्हा तुम्ही आंबीजवळची चांगली खोली सोडून बायकोसंगं माझ्याकडं आलात. कंपनी लांब पडली तरी आलात. आणि मी पारावर काय सांगितलं? "पाहुण्यांची राहायची अडचण हुती. म्हणलं, या. एवढं घर मोकळंच हाय." तुमच्या कानावर ते गेलं असणारच. गावात काय लपतं.

तुम्ही आलात आणि मागनं टेम्पोतनं ती टाकी आली. सुट्टीच्या दिवशी तुम्ही लोणावळ्याच्या बंगल्यांत वायरिंगची कामं करायचा, तिथं कुठंतरी ती धूळ खात पडली होती. चौघांनी उचलून आत घेतली. मी म्हणलं, "ह्यात काय, भात भिजवायचा?"

"समुद्र ठेवायचाय, आबा."

माणूस किनाऱ्यावरचा, बापाची होडी होती, असं बोलणारच. मला वाटलं चेष्टा आहे. मग मिठाचे डबे आले, मोटर आली, मोठं निळं पिंप आलं, त्यात खारं पाणी कालवून ठेवायचं काम सुरू झालं, आणि शेवटी पुण्याहून पिशवीतनं मासे आले. रुपेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, लांब लांब पंख, पंखांवर पांढरे ठिपके. कार्डिनल म्हणालात. माझ्या जिभेला ते वळेना. आणि हे मासे पोहत पण नव्हते. एका जागी नुसते उभे.

"हे काय करत्यात?"

"काही नाही. असेच उभे राहतात."

"म्हंजी कचेरीतले पट्टेवाले!"

तुम्ही इतकं हसलात की नंदा कणकेच्या हातानं बाहेर आली. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव पट्टेवाले. तुम्ही ते ग्रुपवरही सांगितलंत, 'आमच्या आबांनी नाव ठेवलंय' म्हणून. परवा त्या बाई टाकीकडं बघून "हेच का पट्टेवाले?" म्हणाल्या तेव्हा मला कळलं.

नर अंडी तोंडात धरतो हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मी आधी मानलंच नाही. त्याची हनुवटी फुगलेली, तोंड गच्च मिटलेलं, पुढ्यात खाणं आलं तरी शिवत नव्हता. मादी मात्र खात हिंडत होती. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत बाप उपाशी राहतो म्हणालात. केवढं कौतुक होतं तुमच्या चेहऱ्यावर! तुम्हाला मूलबाळ नव्हतं. त्या नराच्या उपासाच्या दिवसांत तुम्ही दोघं घरात पाय न वाजवता हिंडायचा. आणि मी काय केलं? माझ्या चुलतभावाला, किसनला, चार माणसांत टाकीपुढं उभं केलं आणि म्हणलं, "बघ, बाप्या पोरं तोंडात धरून बसलाय अन् बायको हिंडतीया मोकळी. ह्यो त घरजावई दिसतोय!"

सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "आबा, त्याला आत्ता तोंड उघडता येत नाही. नाहीतर उत्तर दिलं असतं त्यानं."

त्यावर लोक जास्त हसले, आणि ते हसणं माझ्यावर होतं. मी कितीतरी दिवस धुमसत होतो. तुम्ही संध्याकाळी विसरला होता.

धोंड्याच्या महिन्याचं लिहिताना हात जड होतो. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं, ही रीत. नंदानं विषय काढला तेव्हा मी म्हणलं, "घरातल्या माणसाला कुटनं बोलवायचं?" तोड तुम्हीच काढलीत.

"मी असं करतो, सकाळी कान्ह्याला जातो. स्टेशनवर चहा पितो आणि परत येतो. आलो की पाहुणा. काय आबा, चालेल ना?"

हसण्यावारी नेलंत, माझी सोय व्हावी म्हणून. आणि खरंच गेलात. आलात ते नवा शर्ट, हातात केळ्यांची फणी. ओट्यावर मी, किसन, अजून दोघं. तुम्ही चपला काढून उंबऱ्याशी उभे राहिलात.

"येऊ का, आबा?"

सासऱ्यानं उठायचं असतं. पाय धुवायला पाणी पुढं करायचं असतं. नंदानं तांब्या भरून माझ्या शेजारीच ठेवला होता. मी बसल्या जागेवरनं म्हणलं, "इचारताय काय, पाहुणं? घर तुमचंच हाय!"

शब्दांत काही खोट नाही, कुणालाही म्हणतात. पण ज्या आवाजात म्हणलं तो किसनला बरोबर कळला. तो फिदीफिदी हसला. तुम्हालाही कळला. तुम्ही तांब्या स्वतःच उचललात, पायांवर पाणी घेतलंत आणि आत गेलात. पोटभर जेवलात, धोंडे मागून घेतलेत, "आबांना अजून एक वाढ" म्हणून नंदाला सांगितलंत. मी उठलो असतो तर माझं काय गेलं असतं? गुडघे दुखत होते, असं मी मनाला सांगतो. त्या गुडघ्यांना तेल कोण चोळत होतं, ते वर लिहिलंच आहे.

आता पाण्याचं भांडण. ते आपलं मिटलंच नाही. टाकीतलं पाणी आटतं, रोज थोडं खाली जातं. तुम्ही त्यात गोडं पाणी घालायचा. मला पटेना.

"खाऱ्यात गोडं घातलं तर आळणी न्हाई व्हणार?"

"आबा, आटतं ते नुसतं पाणी. मीठ मागंच राहतं. खारं घातलं तर मीठ वाढत जाईल."

"खारं आटलं तर खारंच घालावं. साधी गोष्ट हाय."

तेव्हा तुम्ही माझ्याच वावरात शिरलात. "भाताच्या खाचरातलं पाणी आटलं की तुम्ही पाणीच सोडता ना? की चिखल घालता?"

मी आवाज चढवला. "खाचर आन् काचंची पेटी एक व्हय? जन्म गेला माझा पाण्यात. मला शिकवू नका!" आणि उठून गेलो.

हरलो होतो. पण हरलो म्हणणं आमच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवसापासून, तुम्ही दोघं ड्युटीला गेलात की मी दुपारी पिंपातलं खारं पाणी तांब्यानं टाकीत घालायला लागलो. कुणाला सांगितलं नाही. पट्टेवाले मला ओळखायला लागले, काचेशी यायचे. मी त्यांना म्हणायचो, खावा, प्या, तुमचा मालक येडा हाय. पुढं नरानं पिल्लं सोडली. वायरी बांधायच्या काळ्या पट्ट्यांचा तुम्ही जो काटेरी गोळा केला होता, आमचा साळिंदर, त्याच्या काट्यांत लपून ती मोठी झाली, ग्रुपमधल्या लोकांनी हौसेनं नेली. लोक तुमच्या पाठीवर थाप मारायचे आणि मी कोपऱ्यात मिशीत हसायचो. मनात म्हणायचो, कुणाच्या का हातची असंनात, जगली माझ्या मिठावर.

एक दिवस मात्र चांगला गेला होता आपला. वादळात खांब पडला, दिवसभर लाईट नव्हती, मोटर बंद. माशांना हवा मिळावी म्हणून टाकीतलंच पाणी तांब्यानं घ्यायचं आणि उंचावरनं परत टाकीत सोडायचं. तुम्ही दमलात की मी, मी दमलो की तुम्ही. तुम्ही बापाच्या होडीचं सांगत होता. लहानपणी समुद्राच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही म्हणालात, "इथे आलो तेव्हा फार गप्प वाटायचं, आबा. मोटर सुरू झाली तेव्हा कुठं डोळा लागला." मी पण मग नंदाच्या आईचं काहीबाही बोललो, जे कुणाशी बोललो नव्हतो. तुमचा शर्ट घामानं आणि खाऱ्या पाण्यानं भिजला होता. माझ्या जिभेवर 'महेश, बस आता' आलं होतं. तेवढ्यात लाईट आली. "जमलं, पाहुणं," म्हणलं, आणि बाहेर जाऊन बसलो.

मग तुम्ही गेलात. कंपनीत छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं. ह्यावर मला जास्त लिहिता येत नाही. माझ्या वयाच्या माणसानं जावयाला खांदा द्यायचा, ही काय रीत झाली.

घरात माणसं बसायला येत होती. किसन म्हणाला, "आता ह्या माशांचं कोण करणार, आबा? इंद्रायणीत सोडून दे. पुण्य लागंल."

"खाऱ्या पाण्याचं हायत ते! नदीत घटकाभर जगायचं न्हाईत!" मी असा ओरडलो की बायका दारात आल्या. ओरडलो आणि वाटलं, चला, आता हे आपलं काम. नंदा भिंतीला टेकून बसलेली असायची, टाकीकडं बघायची सुद्धा नाही. खाणं मी टाकायचो. आटलेलं पाणी मी भरायचो, आता दुपारची वाट बघायची गरज नव्हती, उघडउघड. पिंप संपलं तेव्हा तुमच्याच मापानं डब्यातलं मीठ कालवून नवं केलं. नर तेव्हा तोंड भरून होता. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही नंदाला दाखवला होता. मी मनातल्या मनात तुम्हाला शब्द दिला, ही पिल्लं मी बाहेर काढीन.

थोड्या दिवसांनी पट्टेवाले वर वर राहायला लागले. कल्ले जोरात हलायचे, रंग मळला. मादी एका सकाळी कोपऱ्यात आडवी सापडली. मला वाटलं, तुमच्यावाचून झुरतायत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही तसंच सांगितलं, मुक्या जिवालाही माया असते म्हणून. लोक च् च् करायचे. आणि मग एके दिवशी मी खाणं टाकलं आणि नर पुढं येऊन खाऊ लागला. इतक्या दिवसांचा उपाशी! मला एवढा आनंद झाला की मी नंदाला हाक मारली, "अगं ये, बघ, जेवला!"

ती उठून आली. त्याच्याकडं बघितलं. मग वाकून खाली वाळूकडं बघितलं.

"आबा, तोंड रिकामं झालंय त्याचं."

वाळूवर नारिंगी दाण्यांचा पुंजका पडला होता. पांढरा पडत चालला होता.

तिनं तुमची ती मीठ बघायची नळी काढली, तिच्या काचेवर थेंब टाकला, उजेडाकडं धरून डोळा लावला. पुसून परत बघितलं.

"पाणी कुठलं घालताय?"

"पिंपातलं."

"खारं?"

"खारं आटलं तर खारंच घालणार की."

ती तिथंच खाली बसली. मला वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "ते रोज काढायचे, आबा. कामावरनं आले की आधी नळी लावायचे. तुम्ही दुपारी घातलेलं असायचं तेवढं उपसायचे आणि गोडं घालायचे."

"त्यांना म्हाईत हुतं?"

"पहिल्या दिवसापासनं. तांब्या ओला असायचा."

"मग बोलले का न्हाईत?"

"मी म्हणलं होतं, सांगा त्यांना. तर म्हणाले, राहू दे. तेवढ्या निमित्तानं आबा टाकीपाशी येतात."

पाहुणं, दुसऱ्याचं पाणी चोरून आपल्या वावरात घेणारे मी लय बघितले. दुसऱ्याची चूक रोज उपसून टाकणारा आणि त्याला पत्ता लागू न देणारा माणूस मी बघितला नव्हता. बघितला नव्हता कसा, शेजारच्या खोलीत झोपत होता. माझ्या जिंकलेल्या सगळ्या दुपारी तुम्ही संध्याकाळी निस्तरत होता, हातपाय धुवायच्या आधी.

शरम वाटली. आणि खरं सांगू का, रागही आला. अजून येतो. एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतं, आबा, तुम्ही चुकताय, माझे मासे माराल. मी तांब्या आपटला असता, जेवणावर रुसलो असतो, किसनपुढं तुम्हाला बोल लावले असते, पण कळलं तर असतं. मान राखायचा म्हणून गप्प बसलात. मान माझ्याकडं आधीच गाडीभर होता, त्यात तुम्ही कशाला भर घातलीत? तुम्ही गेल्यावर कोण उपसणार, ह्याचा विचार नाही केलात. तुम्ही तरी कसा करणार म्हणा. म्हातारा मागं राहील असं कुणाला वाटलं होतं.

महिन्याच्या विधीला भावकी जमली होती. किसननं परत विषय काढला, मासे पण मालकामागं झुरले म्हणे. मी म्हणलं, "झुरून न्हाई मेले. म्या मारले. मिठानं."

"आसू दे आबा, मासंच त."

"मासंच न्हाई. आन् अजून एक ऐक. पाहुण्यांची अडचण न्हवती. माझी हुती. मला कुणी जेवू घालणारं न्हवतं, म्हणून ती दोघं आली."

किसन ताटातला भात उगाच कालवत बसला. मला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नंदा पाण्याचा जग घेऊन उभी होती, तिनं माझा पेला भरला आणि पुढं गेली.

पाणी एकदम गोडं करून चालत नाही, मासे सोसत नाहीत. रोज थोडं काढायचं, थोडं घालायचं. नंदा परत कामावर जायला लागलीय, म्हणून सकाळचं काम माझ्याकडं आहे. संध्याकाळी ती नळी लावते. मलाही तिनं बघायला दिली होती. माझ्या डोळ्याला नुसतं निळं दिसलं, तरी पहिल्या दिवशी मी ऐटीत "बरं हाय" म्हणलो. दुसऱ्या दिवशी नळी तिच्या हातात परत दिली. "मला दिसत न्हाई. तू सांग." हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हणलं नव्हतं. नर अजून आहे. त्याच्यासोबत दोघं आहेत. रंग थोडा उजळलाय असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याचं आता मी काही धरत नाही.

रोज तिला विचारतो, "बरोबर झालं का गं?" कधी ती हूं म्हणते. कधी नळी खाली घेते आणि म्हणते, "नाही आबा, आज चुकलंय." त्या दिवशी मला घास गोड लागतो. तुमच्या तोंडून ते एकदा ऐकायचं राहून गेलं.